स्कॉटलंडमध्ये ग्राउसच्या शिकारीचा परवाना: अर्ज कोणी करायचा, नकाशात काय दाखवायचं

१२ ऑगस्टला स्कॉटलंडच्या माळांवर रेड ग्राउस या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांतला हाका डोळ्यासमोर आणा. हाकारे हातात झेंडे घेऊन ओळीने माळ तुडवत येतात, पक्षी जमिनीलगत सुसाट उडतात आणि दगड-मातीच्या लपणांत उभे असलेले बंदूकवाले बार काढतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर हा खेळ संपला. तिथे तो चालू आहे, पण २०२४च्या हंगामापासून परवान्याशिवाय करता येत नाही.

परवाना का आला, ते कळल्याशिवाय अर्जातले प्रश्न कळत नाहीत. ग्राउसची संख्या वाढावी म्हणून इस्टेटीवरचे रखवालदार कोल्हे, कावळे मारतात. त्यात कायद्याने संरक्षण असलेले गरुड आणि हॅरियर हे शिकारी पक्षीही मारले जातात, असा आरोप जुना होता. २०१७च्या सरकारी अहवालात उपग्रह-टॅग लावलेल्या १३१ सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने नाहीसे झाल्याचं दिसलं आणि ते बहुतेक ग्राउसच्या माळांच्या आसपास. मग समिती बसली, २०१९ला तिचा अहवाल आला आणि मार्च २०२४मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा मंजूर केला.

अर्ज नेचरस्कॉट या सरकारी संस्थेकडे करायचा. तो जमिनीचा मालक किंवा वहिवाटदार करू शकतो. पाहुणा म्हणून बंदूक घेऊन येणाऱ्याला हा परवाना काढावा लागत नाही. त्याने फक्त आपण उभे आहोत ती जमीन परवान्यात आहे ना, एवढं विचारून घ्यावं. हाका घालून मारा की चालत चालत उठवून मारा, दोन्हींना परवाना लागतो. फेझंट, पार्ट्रिज यांना लागत नाही. सध्या यादीत एकटा रेड ग्राउस आहे, पण मंत्र्यांना यादी वाढवता येते.

मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं. अर्जदाराची माहिती, जमिनीचा तपशील आणि हद्द दाखवणारा नकाशा तयार ठेवा. ग्राउसच्या माळांसाठीची आचारसंहिता नीट वाचा, कारण परवाना देताना ती पाळली जाते का हे बघितलं जातं. औषधी खडी कशी ठेवायची, सापळे कसे लावायचे, सगळं तिच्यात आहे. (ग्राउसच्या पोटात जंत होतात, म्हणून औषध लावलेली बारीक खडी माळावर ठेवतात. पक्षी ती पचनासाठी गिळतो आणि औषध आपोआप पोटात जातं.) प्राणी पकडायचे तारेचे फासे मात्र विसरा; नोव्हेंबर २०२४पासून त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे.

सगळी मेख नकाशात आहे. सुरुवातीला परवाना अख्ख्या इस्टेटीला धरून दिला जात होता. म्हणजे हद्दीत कुठेही गरुडाला विष घातलं गेलं, तरी परवाना धोक्यात. जमीनदारांनी कायदेशीर हरकत घेतली आणि २०२४मध्येच नेचरस्कॉटने माघार घेतली: परवाना कोणत्या क्षेत्रापुरता, हे धारकाने ठरवायचं. पक्षीप्रेमी संतापले आणि मला वाटतं, बरोबरच संतापले. लपणांभोवती छोटं कुंपण आखलं की बाहेरच्या जंगलातला मेलेला गरुड कोणाचाच नाही. जमीनदारांचं म्हणणं असं, की जिथे ग्राउसच नाही, तिथल्या कोणाच्या तरी कृत्याची शिक्षा आम्हाला का? नंतर अटी पुन्हा बदलल्या गेल्या आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेलीच अट वाचा.

परवाना रद्द व्हायला कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. वन्यजीवांविषयीचा ठराविक गुन्हा घडल्याची नेचरस्कॉटची खात्री पटली, तर परवाना स्थगित किंवा रद्द होऊ शकतो. त्याविरुद्ध शेरीफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, अपील आहे.

माळ जाळायचा असेल तर वेगळा परवाना, हेही याच कायद्यात आहे. कोकणात भाजावळ करतात तसं तिथे हेदरची झुडपं पट्ट्यापट्ट्याने जाळतात: कोवळे कोंब ग्राउसला खायला, जुनी झुडपं लपायला. पण खाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं साचलेला कुजका, ओला थर. तो पेटला की कार्बन हवेत. म्हणून लोखंडी सळई टणक लागेपर्यंत जमिनीत खुपसायची आणि मोजायचं. ४० सेंटिमीटरपेक्षा खोल असेल तर ती पीटभूमी. तिथे ग्राउससाठी जाळायला परवानगी नाही. वणवा रोखणं, निसर्गाची डागडुजी, संशोधन अशा मोजक्या कारणांसाठीच, आणि तेही दुसरा उपाय चालण्यासारखा नसेल तर. जाळणाऱ्याने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेलं हवं. या भागाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे काडी ओढण्याआधी नेचरस्कॉटच्या संकेतस्थळावर तारीख बघा.

इंग्लंडमध्ये ग्राउसचा परवानाच नाही. जून २०२५मध्ये बंदीच्या याचिकेवर वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, चर्चा झाली, सरकारने बंदीचा विचार नसल्याचं सांगितलं. जाळण्याची खोलीची मर्यादा मात्र त्या सप्टेंबरात ४०वरून ३० सेंटिमीटरवर आणली.

बंदुकीचा परवाना या सगळ्यापासून निराळा आहे आणि तो पोलिसांकडे मिळतो. भारतातून कोणी पाहुणा येणार असेल, तर त्याच्यासाठी अर्ज तिथे राहणाऱ्या माणसाने करायचा असतो. तेव्हा ऑगस्टचं तिकीट काढण्याआधी यजमानाला फोन करा.