ऑनलाइन शिक्षणाची रचना आणि सांस्कृतिक भेद

ऑनलाइन अभ्यासक्रमात धडे, चर्चा व मूल्यमापन यांची जी मांडणी असते, तिच्यात शिक्षणाविषयीच्या सांस्कृतिक समजुती मुरलेल्या असतात: शिक्षकाला प्रतिप्रश्न करावा का, चूक चारचौघांत दाखवावी का, अभ्यास एकट्याने करायचा की गटाने. या समजुती विद्यार्थ्याच्या वळणाशी जुळल्या नाहीत, तर हुशार विद्यार्थीही मागे पडतो आणि दोष त्याच्याच माथी येतो.

चर्चामंचावर हे ठळकपणे दिसते. दर आठवड्याला स्वतःचे मत मांडायचे, दोन सहाध्यायांना प्रतिसाद द्यायचा आणि त्याचे गुण मिळवायचे, ही पाश्चात्त्य विद्यापीठांत रुळलेली पद्धत. मोठ्यांना उलट बोलू नये असे शिकत वाढलेला विद्यार्थी तिथे ‘सरांच्या मताशी सहमत आहे’ एवढेच लिहितो, किंवा सगळे मन लावून वाचतो आणि गप्प राहतो. त्या वाचनाला गुण नसतात. आधी चार-पाच जणांत बोलून गटाच्या नावाने उत्तर द्यायला सांगितले, किंवा विरोधी बाजू मांडण्याचे काम पाळीपाळीने नेमून दिले, तर मतभेद उद्धटपणा वाटत नाही. शंका शिक्षकाला खासगीत विचारण्याची वाटही खुली हवी.

डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करण्यासाठी १९८० मध्ये मांडलेले सत्ता-अंतर (अधिकारातली विषमता लोकांना कितपत मान्य आहे), व्यक्तिवाद इत्यादी निकष या क्षेत्रात वारंवार वापरले जातात. त्यांचा आधार आयबीएम या संगणक कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांची पाहणी हा होता. अशी देशवार सरासरी एकेका विद्यार्थ्याला लावणे चूकच. गडचिरोलीतली गोंडी बोलणारी मुलगी आणि पुण्यातला इंग्रजी माध्यमाचा मुलगा एकाच ‘भारतीय’ आकड्यात मावत नाहीत.

अधिक खोल विचार ऑस्ट्रेलियात झाला. क्वीन्सलँडमध्ये १९९० पासून आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी विद्यार्थ्यांना आपल्या वस्तीतच राहून संगणकाच्या साहाय्याने शिक्षक होता यावे, असा कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या लिन हेंडरसन यांनी १९९६ मध्ये बहुसांस्कृतिक रचनेचे प्रारूप मांडले. चित्रांतले चेहरे आणि नावे बदलून भागवणे त्यांना वरवरचे वाटले. पण केवळ अल्पसंख्य समाजाच्या दृष्टीने रचलेला अभ्यासक्रमही त्यांनी अपुरा ठरवला, कारण या विद्यार्थ्यांना मुख्य प्रवाहातली पदवी मिळवायची असते आणि तिथली भाषा व युक्तिवादाची पद्धत त्यांच्या हाती यायलाच हवी.