ढिगाऱ्यातली खडी

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझल्यानंतर राडारोडा उपसायला सुमारे 8,000 माणसं 7 महिने राबली; तो भरला सुमारे 5 लाख टन. पावसाळ्यात एखादी जुनी इमारत कोसळली की मला हा आकडा आठवतो. अडकलेली माणसं बाहेर येईपर्यंत ढिगाऱ्याकडे दुसऱ्या कुठल्याही नजरेनं बघू नये. पण त्यानंतर पोकलेन सगळं कालवून डंपरमध्ये भरतो, तिथे मात्र जीव तुटतो.

कारण त्यात पुष्कळ काही शाबूत असतं. जुन्या चाळींचं बांधकाम चुन्यातलं. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून खरवडला की वीट अख्खी सुटते. सिमेंटचा सांधा बहुधा विटेहून कडक. तो सोडवताना वीटच फुटते. सागवानी तुळया आणि सळया तर लगेच विकल्या जातात.

उरतं काँक्रीट. मुंबईतली खडी म्हणजे आपला काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पन्नास वर्षं स्लॅबमध्ये राहून त्याचं काय बिघडणार? अडचण त्याला चिकटलेल्या जुन्या सिमेंटची असते. ते सच्छिद्र असल्यानं पाणी पितं. क्रशरमधून आलेली अशी खडी कोरडीच वापरली, तर नव्या मालातलं पाणी ती ओढून घेते आणि माल नीट पसरत नाही. म्हणून ती आधी भिजवतात. आयएस 383 या खडी-वाळूच्या भारतीय मानकानं 2016 मध्ये तिला मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-25 प्रतीपर्यंत (आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत) 20 टक्के, आणि पायाखाली घालतात तशा एम-15 हून कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण 100 टक्के.

यात खरा घात करतं ते पीओपी, म्हणजे छताला लावतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यातलं सल्फेट सिमेंटशी संयोग पावून फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे जातात. ॲस्बेस्टॉसचे पत्रे तर क्रशरजवळही नेऊ नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. म्हणजे राडारोड्याची किंमत ठरते ती पहिल्या वर्गीकरणात. दहिसर आणि शिळफाट्याजवळचे मुंबई पालिकेचे राडारोडा-प्रक्रिया प्रकल्प रोज प्रत्येकी 600 टन माल हाताळू शकतात, पण पत्र्याचा चुरा एकदा मिसळला की तो यंत्रानंही वेगळा होत नाही.

जपानमधल्या हिगाशी-मात्सुशिमा शहरानं 2003 च्या भूकंपातून हा धडा घेतला होता. 2011 च्या त्सुनामीनंतर तिथल्याच लोकांना रोजगार देऊन ढीग हातानं निवडले आणि सुमारे 97 टक्के मलबा पुन्हा वापरात आणला.

आपल्याकडे म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्याच वेळी प्रत्येक वॉर्डात एक मोकळी जागा राखून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. लाकूड, काँक्रीट, पीओपी, पत्रे यांचे तिथे वेगवेगळे ढीग लागतील. हातानं निवडताना काँक्रीटखेरीज आणखीही काही सापडतं: एखादी पत्र्याची पेटी, तिच्यात रेशनकार्ड, भाडेपावत्या, लग्नातला फोटो.