इच्छेची किंमत (डार्क मॅजिकल गर्ल अॅनिमे)

जादूची शक्ती मिळालेल्या शाळकरी मुलींच्या गोष्टी, म्हणजे जपानीतलं 'माहो शोजो', हा अॅनिमेमधला (जपानी अॅनिमेशनमधला) बराच जुना प्रकार, १९६६ च्या 'सॅली द विच'पासून चालत आलेला आणि १९९२ च्या 'सेलर मून'मुळे जगभर गेलेला. 'इच्छेची किंमत' ही कल्पना याच प्रकाराच्या डार्क मालिकांमधली आहे: मुलीची एक इच्छा पुरी होते, त्याबदल्यात ती लढते, आणि खरं बिल नंतर हातात पडतं. त्याग काही नवा नाही, सेलर मूनच्या पहिल्या सीझनच्या शेवटीही पोरी एकेक करून मरतात, पण कशासाठी मरतोय ते त्यांना माहीत असतं. इथं नेमकं तेच माहीत नसतं. आपल्याकडच्या नवसात आधीच बोललेलं असतं, काम झालं तर अमुक वाहीन, नाही झालं तर प्रश्नच मिटला. इथं काय फेडायचं ते काम झाल्यावर कळतं.

सगळ्यात ठळक उदाहरण अर्थातच २०११ ची 'पुएल्ला मागी मादोका मागिका', शाफ्ट स्टुडिओची, दिग्दर्शक आकियुकी शिन्बो, लेखक गेन उरोबुची, भाग फक्त १२. त्यात क्यूबे नावाचा पांढरा गोंडस प्राणी येतो आणि म्हणतो करार कर, काहीही एक माग. करार झाला की मुलीचा जीव शरीरातून काढून 'सोल जेम' नावाच्या रत्नात ठेवला जातो, रत्न शंभर मीटरच्या पलीकडे गेलं की शरीर म्हणजे नुसतं मढं. जादू वापरून किंवा नुसत्या निराशेनंही रत्न गढूळ होत जातं आणि पार काळं पडलं की तीच मुलगी चेटकीण होते, म्हणजे ज्यांना मारायला ती इतके दिवस वणवण करत होती त्यांच्यातलीच एक. यावर क्यूबेचा शब्दखेळ पण आहे: अजून वाढत्या वयातल्या बाईला तुम्ही 'शोजो' म्हणता ना, मग पुढे 'माजो' म्हणजे चेटकीण होणार असलेलीला 'माहो शोजो' म्हणणं बरोबरच की.

क्यूबे खोटं बोलत नाही, हीच त्याची खरी भीती. विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. विश्वातली ऊर्जा संपत चाललीये, किशोरवयीन मुलींची आशा निराशेत कोसळते तेव्हा प्रचंड ऊर्जा सुटते, मग काही पोरी गेल्या तर काय झालं असा त्याचा हिशोब, आणि तुम्ही गुरंढोरं पाळून खाताच की, असंही तो वर ऐकवतो. होकार घेतलाय, पण माहिती न देता घेतलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, हा प्रश्न मालिका सोडत नाही.

नायिका मादोकाची मैत्रीण सायाका, तिची गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी आहे, कारण तिथं दोष सगळा क्यूबेवर ढकलता येत नाही. तिला क्योस्के आवडतो, तो व्हायोलिन वाजवायचा, अपघातात हात निकामी झाला. ती हॉस्पिटलमधे त्याच्यासाठी सीडी घेऊन जाते आणि एक दिवस तो चिडून तोच निकामी हात सीडी प्लेअरवर आपटतो, रक्त येतं, आणि हात आता चमत्काराशिवाय बरा होणार नाही असं म्हणतो. ती म्हणते चमत्कार पण असतो, जादू पण असते. याच्या आधीच मामीनं (जपानी नाव आहे, आपली मामी नव्हे, आधीच करार केलेली नववीच्या वयाची पोरगी आहे) तिला हटकलेलं असतं की तुला त्याचं भलं व्हायला हवंय का त्याच्यावर उपकार करणारी व्हायचंय? सायाका याचं उत्तर स्वतःलाही देत नाही. हात बरा होतो, तो वाजवायला लागतो, आणि मग तिची मैत्रीण हितोमी येऊन सांगते की मलाही तो आवडतो. आपण आता रत्नात अडकलेलं मढं, त्याला काय सांगणार, म्हणून ती गप्प बसते आणि आतल्या आत सडते. शेवटी रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर क्योको नावाच्या दुसऱ्या एका करार केलेल्या मुलीशेजारी बसून ती स्वतःला मूर्ख म्हणते, डोळ्यातलं पाणी रत्नावर पडतं, रत्न फुटतं आणि ती चेटकीण होते.

क्योको या सगळ्यातून आधीच गेलेली असते. वडील धर्मोपदेशक, कोणी ऐकत नाही, घरात खायला नाही, म्हणून तिनं मागितलं की लोकांनी बाबांचं ऐकावं. ऐकायला लागले. गर्दी कशामुळे येते ते कळल्यावर बापानं तिलाच चेटकीण ठरवलं, आणि तिला एकटीला मागे ठेवून बाकी घरच्यांना मारून स्वतःही मेला. तेव्हापासून तिचा नियम, जादू फक्त स्वतःसाठी, आणि अन्न वाया घालवायचं नाही. सायाका तिचं सफरचंद नाकारते, ते खाली पडतं, तेव्हा ती जी भडकते त्यात तिच्या भुकेचा सगळा इतिहास येतो.

होमुरा म्हणजे काळ मागे फिरवू शकणारी जादूची मुलगी, तिची किंमत तर उलटीच फिरते: मादोकाला वाचवायला ती तोच महिना पुन्हा पुन्हा जगते आणि प्रत्येक फेरीगणिक मादोकाभोवतीचे कर्माचे धागे वाढत जातात, म्हणजे वाचवण्याच्या धडपडीनंच ती क्यूबेसाठी जास्त मौल्यवान शिकार होते. शेवटी मादोका मागते की सगळ्या काळातल्या चेटकिणी जन्माआधीच मी माझ्या हातानं नाहीशा कराव्यात. ते होतं, पण ती देवासारखी होते, माणूस म्हणून उरत नाही, आईलाही मुलगी आठवत नाही, फक्त धाकटा भाऊ मातीत तिचं चित्र काढत बसतो. आणि सायाका तरीही जातेच! तिला परत आणायचं तर क्योस्केचा बरा झालेला हात काढून घ्यावा लागेल, आणि ते तिलाच नको असतं. माझ्या मते सगळ्या मालिकेत हा एकच सौदा असा आहे जो पूर्ण किंमत बघून केलाय.

बाकीच्या मालिकांनी हेच गणित वेगवेगळं मांडलंय. 'सिलेक्टर इन्फेक्टेड विक्सॉस'मधे (२०१४) पत्त्यांचा खेळ तीनदा हरलात तर इच्छा उलटी होते, मैत्रिणी मागणारीला मैत्रीच करता येत नाही, आणि जिंकलात तर तुम्ही पत्त्यात जाता आणि पत्त्यातली मुलगी तुमचं शरीर घेऊन तुमची इच्छा पुरी करते. त्याच वर्षीच्या 'युकी युना इज अ हीरो'मधे मोठी शक्ती वापरली की शरीराचं एकेक काम बंद पडतं. इत्सुकीचा आवाज जातो, आणि ती गाण्याच्या ऑडिशनच्या पहिल्या फेरीत पास झाल्याचा फोन तिच्या ताईला घ्यावा लागतो. शेवटी सगळ्यांना सगळं परत मिळतं, ते काहींना गोड वाटतं, मला तरी ते बिल माफ केल्यासारखं वाटलं.

मादोकाच्या २०१३ च्या 'रिबेलियन' चित्रपटात होमुरा स्वतःच क्यूबेच्या जागी जाते. मादोका एकदा बोलून जाते की सगळ्यांना सोडून दूर जाणं मला जमणार नाही, होमुरा तेवढाच होकार धरते आणि तिला देवत्वातून ओढून परत साध्या शाळेत आणून बसवते. नंतर शाळेच्या कॉरिडॉरमधे विचारते, तुला नियम मोठा का इच्छा? मादोका नियम म्हणते. मग कधीतरी तू माझी शत्रू होशील, असं म्हणून होमुरा आपल्या डोक्यातली लाल रिबन सोडते आणि तिच्या केसांना बांधून देते.