बोटं हलतायत म्हणजे हाड शाबूत? नाही हो!
पाय मुरगळला की घरातलं कोणीतरी सांगणारच, बोटं हलतायत ना, चालता येतंय ना, मग फ्रॅक्चर नाही, तेल लावून चोळ. हे साफ चुकीचंय. तळपायात घोटा आणि बोटांच्या मधे 5 लांब हाडं असतात, मेटाटार्सल, आणि बोटं हलवणारे स्नायू वेगळेच, त्यामुळे यातलं एखादं मोडलं तरी बोटं हलतात आणि माणूस लंगडत का होईना चालतो.

करंगळीकडचं पाचवं तर मुरगळण्यातच जास्त मोडतं. सर रॉबर्ट जोन्स या सर्जनचं स्वतःचं नाचताना मोडलेलं, 1902 मधे त्यांनी त्यावर लिहिलं, म्हणून या हाडाच्या बुडाजवळ, उंचवट्याच्या जरा पुढे मोडलं तर त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. तिथे रक्तपुरवठा कमी, भरायला वेळ लागतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध जो उंचवटा लागतो तिथे दाबून दुखलं तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा.