आनेवाडीचा फास्टॅग आणि खंबाटकीचे वळण

सातारकरांना 'बुद्धिमान वाहतूक यंत्रणा', म्हणजे यंत्रांच्या मदतीने वाहतूक हाताळण्याची व्यवस्था, पहिल्यांदा भेटली ती आनेवाडी आणि तासवडेच्या टोलनाक्यांवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्ट्या पैशांवरची हुज्जत बरीचशी थांबली. यामागची कल्पना मात्र फार जुनी.

१८६८ मध्ये लंडनला संसदेजवळ गॅसच्या दिव्यांचा सिग्नल उभारला. महिन्याभरातच त्याचा स्फोट झाला. विजेचा सिग्नल १९१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला आला. १९३९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात जनरल मोटर्सने आपोआप धावणाऱ्या गाड्यांच्या महामार्गाची भलीमोठी प्रतिकृती मांडली आणि १९६० पर्यंत हे सगळे होईल, असे स्वप्न लोकांना दाखवले. प्रत्यक्षात १९९७ साल उजाडले. सॅन दिएगोजवळ गाड्या हात न लावता धावल्या खऱ्या, पण त्यासाठी रस्त्यात चुंबक पुरले होते आणि त्या मार्गिकांवर इतर वाहनांना मज्जाव होता. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत लावली. पल्ला दोनशे किलोमीटरांहून जास्त, सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम १२ किलोमीटरांवर अडकली.

या काळात मुकाट्याने रुळली ती वसुलीची यंत्रणा. सिंगापूरने १९७५ पासून कागदी परवान्यांवर चालवलेली गर्दीच्या भागातील प्रवेशशुल्काची पद्धत १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक केली. आपल्याकडेही आधी टोल, मग दंडाचे चलन. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला आणि २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांतून चलने निघू लागली. जिथे पैसा मोजता येतो तिथे तंत्रज्ञान लवकर पोचते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कॅमेऱ्याला लागते वाचता येणारी नंबरप्लेट आणि मार्गिका पाळणारे वाहन. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे साधा रिफ्लेक्टरही नसलेला ट्रॅक्टर या हिशेबात कुठे बसवायचा? माणसाने चालवलेल्या गाडीलाच तो ऐनवेळी दिसतो. सलग सुट्ट्यांना पुणे-सातारा महामार्गावरचा खंबाटकी घाट तुंबतो तेव्हा मोबाईलच्या नकाशावर तो लालभडक होतो. ती माहिती खरीच असते, पण घाटाच्या तोंडाशी पोचलेल्या गाडीला तिचा उपयोग काय? लोणंदचा वळसा घ्यायचा तर निर्णय शिरवळलाच व्हायला हवा.

पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतर लागणाऱ्या इंग्रजी 'एस'सारख्या वळणावर एप्रिल २०१८ मध्ये मजुरांचा टेम्पो उलटून १८ जण दगावले. तिथे वेगमर्यादेच्या पाट्या लावता येतात, कॅमेरा बसवता येतो, चालकाच्या मोबाईलवर इशाराही पाठवता येतो. उताराची आणि वळणाची आखणी मात्र त्याने बदलत नाही. म्हणूनच तिथे प्रत्येकी तीन मार्गिकांच्या नव्या जुळ्या बोगद्यांचे आणि वळण टाळणाऱ्या रस्त्याचे काम हाती घ्यावे लागले.