पायपातलं पाणी नेमकं किती तापलं?

परवा गोकुळ शिरगावला भाच्याच्या रूमवर गेलो होतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी त्यानं ओपनफोममध्ये (प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) पायपातून वाहणाऱ्या पाण्याचं सिम्युलेशन केलेलं. लॅपटॉप माझ्याकडं फिरवून म्हणला, "मामा, बघा की कसलं भारी आलंय!" पॅराव्ह्यूमध्ये, म्हणजे त्या गणिताचं चित्र काढून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग, चित्र खरंच देखणं होतं. मी विचारलं, बाहेर पडणारं पाणी किती डिग्रीचं? त्यानं दोनचार बटणं दाबली आणि म्हणला, 37.

त्याचा पाईप आतून 20 मिलिमीटर व्यासाचा, 2 मीटर लांब, मिनिटाला 1 लिटर पाणी, शिरताना 20 डिग्री, आणि भिंतीतून सगळी मिळून 700 वॅट उष्णता. आता हे कागदावर करून बघा. 700 वॅट म्हणजे मिनिटाला 42 किलोज्यूल, आणि लिटरभर पाणी 1 डिग्रीनं तापवायला साधारण 4.18 किलोज्यूल लागतात, म्हणजे पाणी 10 डिग्रीच तापणार, 30 च्या वर जायचं कारणच नाही. मग वरचे 7 डिग्री आले कुठनं?

पंचगंगेच्या घाटावर कधी निवांत बसलाय का? पायऱ्यांजवळ पडलेलं पान तिथंच रेंगाळतं आणि मधल्या धारेतलं पान बघता बघता पुलाकडं जातं. पायपातही तसंच असतंय. भाच्याच्या पायपात रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह शांत की घुसळणारा ते सांगणारा आकडा, हजाराच्या आसपास होता. ऑसबोर्न रेनॉल्ड्सनं 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं होतं की प्रवाह कधी सरळ रेषेत शांत वाहतो आणि कधी घुसळतो. पायपात हा नंबर साधारण 2300 च्या खाली असला की प्रवाह शांत असतो. अशा प्रवाहात मधोमध वेग सरासरीच्या दुप्पट आणि भिंतीला चिकटलेल्या पाण्याचा वेग शून्य. म्हणजे जे पाणी सगळ्यात जास्त तापलंय तेच सगळ्यात कमी हलतंय, आणि भाच्यानं पाणी बाहेर पडतं त्या तोंडाजवळच्या सगळ्या जागेची सरसकट सरासरी काढली, त्यात त्या रेंगाळणाऱ्या गरम पाण्याला वाहत्या पाण्याएवढाच मान मिळाला. खरं तापमान म्हणजे बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून नीट ढवळल्यावर जे येईल ते, त्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या तापमानाला तिथल्या वेगाचं वजन द्यावं लागतं.

म्हणून मी त्याला म्हणलं, रंगीत चित्र राहू दे, आधी साधा आलेख काढ, आडव्या अक्षावर पायपाची लांबी, उभ्यावर तापमान, आणि दोनच रेषा, एक बादलीच्या तापमानाची, एक भिंतीची. (आकडे केल्व्हिनमध्ये येतात, 273.15 वजा करायला विसरू नकोस.) आणि ते इंद्रधनुष्याचे रंगही बदल, त्यातला पिवळा पट्टा उगाच डोळ्यात भरतो आणि जिथं काहीच घडत नाही तिथं सीमारेषा असल्यासारखं वाटतं, विरिडिससारखी एकसारखी उजळत जाणारी रंगपट्टी बरी.

पहिली रेषा 20 वरनं सरळ चढत 30 ला पोचली. दुसरी सुरुवातीलाच झपकन वर गेली, मग हळूहळू चढत शेवटी साठीच्या पुढं. "मामा, भिंत 62 दाखवतीय, परत चुकलं का?" नाही चुकलं. शांत प्रवाहात थर एकमेकांत मिसळत नाहीत, उष्णता थराथरातनं झिरपतच आत जाते. त्यात त्यानं गुरुत्वाकर्षण बंद ठेवलेलं, त्यामुळं गरम पाणी वर चढून घुसळणंही नाही. उष्णता पार मध्यापर्यंत मुरायला अशा पायपाला 7 मीटर तरी लागले असते, याचा होता 2 मीटरचा. मग त्यानं पायपाच्या बाहेरच्या तोंडाशी आडवा छेद घेतला, भिंतीला 62 आणि मधोमध अजून जवळपास 20 च, मधलं अंतर 1 सेंटीमीटर.