पांढऱ्या ओकपासून १२० पोल
आपला सात पिढ्यांमागचा पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि मग ओहायोच्या जंगलात घर करून राहिला, असं अभिमानाने सांगणारी घराणी अमेरिकेत पुष्कळ आहेत. खरं-खोटं करायला बसलं की पहिल्यांदा अडतं ते नावापाशी. एकाच काउंटीत दोन-तीन जॉन स्मिथ सापडतात. १७९० ते १८४० च्या जनगणनांत नाव फक्त कर्त्याचं. बाकी घर म्हणजे नुसते आकडे. लष्करी कागद शोधावेत, तर १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि त्यात बरेच गेले.

तारतात ती पेन्शनची कागदपत्रं. १८१८ चा कायदा गरजू सैनिकांपुरता होता, १८३२ च्या कायद्याने दार बरंच मोठं केलं. म्हातारे सैनिक कोर्टात हकिकत सांगत: कप्तान कोण, कूच कुठे केलं. विधवांकडे लग्नाचा दाखला कुठला असणार? त्या घरच्या बायबलातलं नोंदींचं पान फाडून अर्जाला जोडत. राष्ट्रीय अभिलेखागारात अशा सुमारे ८०,००० फाइली आहेत.

जमिनीच्या इनामाने मात्र फसगत होते. १७७६ मध्ये अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, साध्या शिपायाला १०० एकर, कर्नलला ५०० एकर कबूल केले. अनेकांनी तो हक्काचा कागद दलालाला विकला आणि जमिनीचं तोंडही पाहिलं नाही. शिवाय ती जमीन मोकळी नव्हती. शॉनी आणि इतर मूळनिवासी जमातींकडून १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात ती काढून घेतली गेली.

मला सगळ्यात गंमत वाटते ती मोजणीची. ओहायोतल्या सायोटो आणि लिटल मायामी या नद्यांमधला पट्टा व्हर्जिनियाच्या सैनिकांसाठी राखलेला होता. तिथे चौकोनी आखणी नव्हती. ‘पांढऱ्या ओकपासून ईशान्येला १२० पोल, शुगर मेपलपर्यंत’ अशा थाटाची हद्द. पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची ६६ फुटी साखळी. तिची निम्मी, ३३ फूट, आपल्या ओळखीची: ३३ फूट लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा.

ही वर्णनं आज नकाशावर उतरवली की तुकडे वाकडे बसतात, कारण होकायंत्राची उत्तर स्थिर नसते. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बदलतं आणि दोनशे वर्षांत सुई काही अंश सरकते. एका अंशाची चूक मैलभर गेल्यावर ९२ फुटांची होते. त्या काळचा फरक हिशेबात धरला की शेजाऱ्यांचे तुकडे एकमेकांना जुळू लागतात.

आणि डीएनए? सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी १२८ वा भाग, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. कुणाकुणाच्या वाट्याला तर तेवढाही येत नाही. वाय गुणसूत्र मात्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, आडनावासारखं. त्यामुळे दोन जॉन स्मिथ वेगळ्या घराण्यांतले असतील, तर त्यांच्या पुरुषवंशातल्या आजच्या माणसांच्या चाचणीत ते कळतं. ते चुलतभाऊ असले, तर वाय हात टेकतं.

तेव्हा पुन्हा मोजणीच्या कागदाकडे यायचं. साखळी धरणाऱ्यांची नावं त्यावर खाली लिहिलेली असतात. साखळी धरायला बरेचदा घरचा किंवा शेजारचाच पोरगा असे.